पाटीवर 'कोकण' लिहू की 'कोंकण'?

रंगारी_चिपळूण

नमस्कार मंडळी. मी पाट्या रंगवतो. म्हणजे आता बहुतेक वेळा संगणकावर अक्षरं जुळवून फ्लेक्स नाहीतर एसीपीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कापून देतो, पण हाताने रंगवून घेणारी गिऱ्हाइकं अजून आहेत आणि हे त्यातलंच एक. महामार्गावर, बहादूरशेख नाक्याच्या पुढे, दोघा भागीदारांची नवी खानावळ सुरू होतेय. नाव 'कोकण थाळी'. पाटी लांबलचक, तीन ओळींची. वर मराठी, मधे इंग्रजी, खाली बारीक उर्दू.

तिन्ही ओळी कागदावर मांडल्या आणि हिशेब जुळेना. इंग्रजीत एन दोनदा येतो, एक मधे आणि एक शेवटी. उर्दू ओळ एका भागीदाराच्या मामांनी लिहून दिली, तीत काफ, वाव, काफ, नून, म्हणजे क-ओ-क-न. संपलं. मधला नून गायब. मराठीत मी सवयीने 'कोकण' काढलं, तर दुसऱ्या भागीदाराने मोबाइलवर रेल्वेचा फोटो दाखवला, त्यावर 'कोंकण'. म्हणाला, रेल्वे काय चुकीचं लिहिणार, टिंब दे. त्याची वहिनी शाळेत मराठी शिकवते. ती म्हणते टिंब दिलंत तर मी त्या पाटीखालून आत येणार नाही.

दुकानांच्या पाटीवर मराठी अक्षर इतरांपेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे घोळ नेमका सगळ्यात मोठ्या ओळीत आहे. मला टिंबाचे पैसे वेगळे मिळत नाहीत, मी दोन्ही काढून देईन. पण आता माझ्याच डोक्यात किडा शिरलाय. एकाच नावाची प्रत्येक भाषेत वेगळी तऱ्हा का? आणि मुळात हे नाव ठेवलं कुणी? आमची आजी कधी 'आपण कोकणातले' म्हणाली नाही. ती म्हणायची आपण चिपळुणातले, माहेर गुहागराकडचं. कोकण हा शब्द घरात यायचा तो मुंबईचे पाहुणे आले की.

रत्नांग्री_हापूस

टिंब नको. पाठ्यपुस्तकात 'कोकण' आहे, बातम्यांत 'कोकण' आहे. यात चर्चा करण्यासारखं काय आहे?

खिळेजुळारी

हापूसराव, आहे. बरंच आहे.

मी रत्नागिरीत एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत आलो आणि पुढे डोळे अधू होईपर्यंत प्रुफं तपासली, तेव्हा हे टिंब माझ्या ओळखीचं आहे. आधी रंगारीबुवांचं काम उरकतो. मराठी ओळीत 'कोकण' लिहा. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य झाले, त्यात उच्चारात नसलेले अनुस्वार द्यायचे नाहीत असं ठरलं. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'केंस', 'घरें' असंच छापलं जाई आणि त्याच पंगतीत 'कोंकण' बसे. मी कामाला लागलो तेव्हा नियम होऊन वर्षं लोटली होती, पण आमच्या छापखान्यातले जुने हेड कंपॉझिटर 'कोंकण' जुळवूनच द्यायचे. प्रुफात मी टिंब खोडायचं, दुसऱ्या प्रुफात ते परत हजर. त्यांना विचारलं तर म्हणत, "अरे, नाकातून वारा जातो की नाही? मग?" त्यांचं मूळ गाव राजापूर, त्यांच्या नाकातून खरंच जात असे.

तर जुनं मराठी 'कोंकण' चूक नव्हतं. आज ते जुनं आहे, एवढंच.

रेल्वेचं म्हणाल तर तो फोटो हिंदीचा आहे. हिंदीत 'कोंकण रेलवे' लिहितात, मराठीत 'कोकण रेल्वे'. दोन्ही भाषांची लिपी एकच, त्यामुळे हिंदी ओळ वाचून आपल्याला वाटतं हीच शुद्ध मराठी. 'रेलवे' आणि 'रेल्वे' यांत फरक आहे हे मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. टिंब तेवढं भरतं. भागीदाराला सांगा, टिंब हवं असेल तर पाटीवर पुढे 'थाली' लिहावं लागेल, 'थाळी' नाही.

आता किड्याचं बघू.

आपल्याकडे या नावाचा जुना, तारीखवार पुरावा म्हणजे कर्नाटकातल्या ऐहोळेचा शिलालेख. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा, रविकीर्तीने रचलेला, शके 556, म्हणजे इसवी सन 634-35. कोकणातल्या मौर्यांना पुलकेशीच्या सैन्याने कसं बुडवलं ते त्यात आलं आहे आणि शब्द आहे 'कोङ्कणेषु'. बहुवचन बघा. संस्कृतात देशाचं नाव पुष्कळदा तिथल्या लोकांच्या नावाने, बहुवचनात येतं, जसे अंग, वंग, कलिंग. 'कोङ्कणेषु' म्हणजे 'कोंकण लोकांच्या मुलखात'. म्हणजे मुळात हे माणसांचं नाव असावं आणि जमिनीला ते मागून चिकटलं असावं, असं माझं मत. त्याच्या आधीचं, अशोकाच्या लेखांत येणारं नाव 'अपरान्त', म्हणजे पश्चिमेचा शेवट. हे तर सरळ लांबून बघणाऱ्याने ठेवलेलं. पाटलीपुत्रात बसलेल्याला सोपारा हा शेवटच वाटणार. सोपाऱ्याच्या कोळ्याला तो शेवट कशाला वाटेल? त्याची तर तिथून सुरुवात.

आता मधल्या अनुनासिकाकडे या. तो त्या काळी खणखणीत उच्चारला जात होता, याला परके साक्षीदार आहेत. 851 सालच्या अरबी प्रवासवृत्तात बल्हारा राजाचं, म्हणजे राष्ट्रकूटांचं राज्य 'कुमकम' देशापासून सुरू होतं असं आहे. स्वर कसे वाचायचे त्यावर घासाघीस होते, पण मधला मीम, म्हणजे म, कागदावर आहे. अल् बीरूनी अकराव्या शतकात 'कुंकन' लिहितो आणि तिथली राजधानी 'ताना' म्हणजे आपलं ठाणं, समुद्रकाठचं, असं सांगतो. ठाण्याच्या शिलाहार राजांचे ताम्रपट त्याच सुमाराचे. पुरी धरून चौदाशे गावांचं सगळं कोंकण आपलं, असं ते मिरवतात.

मग मराठीत तो अनुनासिक गेला कुठे? याची एक साधी किल्ली आहे. ती मला कुठल्या पुस्तकाने नाही, प्रुफं वाचताना सुचली, नंतर भाषेच्या प्राध्यापकांकडून खात्री करून घेतली. संस्कृतातून मराठीत उतरताना क, च, ट, त, प यांच्या आधीचा अनुनासिक बहुधा गळतो. दन्त, दात. पञ्च, पाच. कण्टक, काटा. कम्प, कापणे. अन्त्र, आतडं. मञ्च, माचा. पण ग, ज, ड, द, ब यांच्या आधीचा टिकतो. अंग, आंग. संध्या, सांज. चंद्र, चांद. मंडप, मांडव. आणि कोङ्कण मधे ङ च्या पुढे काय आहे? क. गेला. तिथे ग असता तर आज आपण सगळे 'कोंगण' म्हणत बसलो असतो आणि रंगारीबुवांना टिंब काढावंच लागलं असतं.

म्हणून गंमत अशी, की तुमच्या त्या खानावळीच्या फळ्यावर कोंबडी, भेंडी, वांगं, आंबा, शेंगदाणा, लिंबू या सगळ्यांना टिंब लागेल आणि एकट्या कोकणाला लागणार नाही.

इंग्रजांनी नाव उचललं ते जुन्या, अनुनासिक रूपातून. आधी सी घालून 'कॉन्कन', मागाहून गॅझेटियरांच्या, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथांच्या, काळात के घालून. इंग्रजीतला मधला एन हा आपलाच हरवलेला ङ आहे. तो तिथे असू द्या.

सदाशिवगडकर

काका, ही किल्ली आमच्या कुलपाला पण लागते. मी कारवारचा, काळी नदीच्या पलीकडच्या काठावरचा. आमच्या कोंकणीत दांत, पांच, कांटो. अनुनासिक जाग्यावर, चांगला ऐकू येणारा. म्हणून आम्ही 'कोंकणी' म्हणतो आणि टिंब काढलं तर आम्हाला ते नाव आपलं वाटत नाही. मुंबईत एकाने मला विचारलं, "तुम्ही कोकणी का?" मी म्हटलं, "नाही, कोंकणी." तो हसला, त्याला वाटलं मी त्याचं शुद्धलेखन सुधारतोय.

कन्नडात सुद्धा 'कोंकण', पण पहिला 'को' ऱ्हस्व. शिवाय कन्नडात 'कोंकु' म्हणजे वाकडेपणा, वळण. त्यावरून आमच्याकडे बरेच जण छातीठोकपणे सांगतात की वाकड्यातिकड्या मुलखाला कोंकण म्हटलं. नकाशा बघितला तर पटतं, खाड्यांनी किनारा कुरतडलेला. पण कन्नडातल्या एका म्हणीत कोंकण येतं ते मला त्यापेक्षा आवडतं. 'कोंकण सुत्ति मैलारक्के बंद हागे.' कोंकणाला वळसा घालून मैलारला आल्यासारखं. म्हणजे सरळ वाट सोडून उगाच लांबून फिरत येणं. मैलार म्हणजे तुमचा खंडोबा, त्याचं क्षेत्र बळ्ळारीकडे पठारावर. पठारावरच्या माणसाला कोंकण म्हणजे आडवाट. बेळगावहून आमच्याकडे एसटी घाट उतरते तेव्हा मला ती म्हण दर वेळी आठवते.

आणखी एक. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी आमच्या नावाचा वेगळाच घोटाळा करून ठेवला. सोळाव्या शतकातला त्यांचा इतिहासकार जुआंव द बार्रुश 1552 च्या ग्रंथात सांगतो की या पट्टीला कोंकण म्हणतात आणि इथल्या लोकांना खरं तर त्यावरूनच नाव द्यायला हवं, पण आपले लोक त्यांना 'कानारी' म्हणतात. म्हणजे त्यांना कळत होतं, तरी चालू ठेवलं! पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी लिहिलेलं कोंकणीचं व्याकरण 1640 साली गोव्यात राशोलला छापलं, तर त्याच्या नावात भाषा आहे 'कानारीं'. कानडा मुलूख शेजारचा, भाषा आमची, नाव त्यांचं. हेच स्टीफन्स ख्रिस्तपुराण लिहितात ते मराठीत. कोचीनला डच होते तेव्हा तिकडच्या आमच्या लोकांनी 1675 मधे मलबारच्या वनस्पतींवरच्या त्या मोठ्या लॅटिन ग्रंथासाठी नागरी लिपीत दाखला लिहून दिला, भाषा कोंकणी. त्या ग्रंथात झाडांची नागरीतली नावं 'ब्राह्मणांच्या भाषेतली' म्हणून येतात. एकाच भाषेला परक्यांनी दिलेली दोन नावं.

रत्नांग्री_हापूस

बरं बाबा, चर्चा करण्यासारखं आहे. पण परशुरामाची आई रेणुका, तिचं दुसरं नाव कुंकणा, त्यावरून कोकण, असं आम्ही लहानपणी ऐकलंय. त्याचं काय?

खिळेजुळारी

ऐकलंय मीही. गॅझेटियरवाल्या साहेबांनीही ते टिपून ठेवलंय. पण नाव आधी असतं आणि कथा त्याला शोधत येते, असं बहुतेक गावांच्या बाबतीत होतं. परशुरामाने समुद्र हटवून जमीन काढली ती पुराणातली सप्तकोकणं मोजायला बसलात तर केरळ आणि तुळुनाडही त्यात येतात, मग त्यांचं नाव कोकण का पडलं नाही? 'कोंकु'ही मला तितकंसं पटत नाही. कानडी मुलखाच्या बाजूने बघणाऱ्याला तो अर्थ सुचणं साहजिक, पण ऐहोळेच्या लेखात नाव लोकांचं आहे आणि अख्ख्या लोकांना कुणी 'वाकडे' म्हणत असेल तर तो भांडायलाच निघालेला असणार. व्युत्पत्तीवर पंडितांचं एकमत नाही आणि मी खिळे जुळवणारा, पंडित नव्हे.

सदाशिवगडकर, त्या म्हणीबद्दल आभार. माझं म्हणणं तिने अर्ध्या ओळीत सांगितलं. हे नाव वरून बघणाऱ्यांच्या तोंडचं आहे.

म्हसळ्याची_सून

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. मी उर्दू शाळेत शिकवत होते, म्हणून त्या मामांची बाजू घेते. त्यांनी बरोबर लिहिलंय. उर्दूत 'कोकन'च. आमच्यात 'खित्त-ए-कोकन' हा शब्द सभांच्या पत्रिकांवर, शाळांच्या अहवालात सगळीकडे असतो आणि त्यात मधला नून नसतो. 'दांत' लिहिताना उर्दूत नून येतो, मग त्या हिशेबाने 'कोंकन' व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण हे नाव लिहिणाऱ्यांनी ते पोथीतून घेतलं नाही, इथल्या माणसाच्या तोंडून घेतलं. इथला माणूस 'कोकन' म्हणत होता. आणि शेवटी 'ण' नाही 'न', कारण उर्दूत ण ला अक्षरच नाही. त्याबद्दल मामांना दोष देऊ नका.

आता 'कोकणी' या शब्दाची तऱ्हा सांगते. माझ्या सासरी, म्हसळ्याला, घरात जी बोली बोलतात तिला आम्ही कोकणी म्हणतो. ती गोव्याची कोंकणी नव्हे. मराठीला लागून आहे, तुम्हा सगळ्यांना कळेल, मधे अरबी-फारसी शब्द येतात. आम्हाला बाहेरचे लोक 'कोकणी मुसलमान' म्हणतात. आमच्याकडचे पुष्कळ लोक मागच्या काही पिढ्यांत दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले, तिकडे 'कोकणी' म्हणजे फक्त आम्ही. तिथल्या नातवंडांना चिपळूणचा हिंदू माणूस 'मीही कोकणी' म्हणाला तर ती गोंधळतात. आणि गोव्याचा माणूस 'मी कोंकणी बोलतो' म्हणाला की माझी सासू त्याच्याशी आमच्या बोलीत सुरू होते. पाच मिनिटांनी दोघं हिंदीवर येतात.

रंगारी_चिपळूण

बापरे. मला वाटलं होतं दोन ओळींत कुणीतरी 'हे बरोबर, ते चूक' सांगून मोकळं होईल.

मराठी ओळ टिंबाशिवाय, इंग्रजी जशी आहे तशी, उर्दू मामांचीच. दुसऱ्या भागीदाराला 'रेलवे-रेल्वे' दाखवलं तेव्हा तो गप्प झाला, पण लगेच म्हणाला मग फळ्यावरच्या 'कोंबडी'चं टिंब जरा मोठं काढ. काढलंय.

एक शंका राहिली. काका म्हणतात नाव वरून बघणाऱ्यांचं. मग आपण आपल्या मुलखाला काय म्हणत होतो?

कणकवलीचो

रंगारीनू, माका पण हेच इचारूचा होता. आमका सगळे 'तळकोकणातले' म्हणतत. बातमीत पण 'तळकोकणात पाऊस', म्हणजे आमचो सिंधुदुर्ग. मी मुंबयत चाकरेक आसय, गणपतीक गावाक जातय, तेव्हा हापिसात विचारतत, "कोकणात चाललास?" आता माका सांगा, मुंबय कोकणात नाय काय? बेलापुराक कोकण भवन आसा मा? मग मी कोकणातसून कोकणात जातय काय?

खिळेजुळारी

कणकवलीकर, सरकारी हिशेबाने अगदी तसंच. कोकण विभागात सात जिल्हे, मुंबई शहर आणि उपनगर धरून, आणि कचेरी बेलापूरला. गेटवे ऑफ इंडियासमोर उभा असलेला माणूस कागदोपत्री कोकणात उभा असतो. तोंडी मात्र पनवेल सुटल्याशिवाय कुणी कोकण आलं म्हणत नाही, आणि काहींना तर महाड गेल्यावरही शंका असते.

तळकोकणाचं प्रकरण मात्र ऐकण्यासारखं आहे. शिवकाळातल्या कागदांत 'तळकोकण' म्हणजे घाटाखालचा मुलूख. निजामशाही तळकोकण म्हटलं की त्यात कल्याण-भिवंडीसुद्धा आली. घाटमाथ्यावर उभं राहून खाली बघितलं की जे दिसतं ते तळ. आज 'तळ' शब्दाचा अर्थ लोकांनी नकाशावरून लावला. नकाशात जे खाली, दक्षिणेला, ते तळकोकण, म्हणून तो शब्द घसरत घसरत तुमच्या जिल्ह्यात येऊन थांबला. पूर्वी घाटावरून बघत, आता भिंतीवरच्या नकाशात बघतात. दोन्ही वेळी बघणारा वरच.

इंग्रजांनी पेशवाई बुडवल्यावर उत्तर कोकण आणि दक्षिण कोकण अशी वाटणी केली. दक्षिण कोकणाची कचेरी आधी बाणकोटला होती, 1822 मधे ती रत्नागिरीला आली. त्या बाणकोटाचं तरी एक नाव कुठे होतं? मराठ्यांचा हिंमतगड, इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया. नाव बदलायची हौस त्यांना भारी. हर्णैच्या सुवर्णदुर्गाला ते 'सेव्हर्नड्रूग' म्हणत. कमोडोर विल्यम जेम्सने तो 1755 मधे घेतला, आणि तो वारल्यावर त्याच्या बायकोने 1784 मधे लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर त्याच्या आठवणीला तीन कोनी मनोरा बांधला, त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. तो अजून उभा आहे. हर्णैच्या बंदरात कुणाला सेव्हर्नड्रूग विचारलंत तर बोटीच्या इंजिनाचा पार्ट समजतील. आणि अलिबागेसमोरच्या खांदेरी-उंदेरीचं त्यांनी 'हेनरी अँड केनरी' केलं. दोन साहेब जोडीने फिरायला निघाल्यासारखे वाटतात.

असो, फाटा फुटला. रंगारीबुवा, तुमचा प्रश्न. खालच्या माणसाला अख्ख्या पट्टीसाठी एक नाव लागतच नसे. त्याला खाडी लागे. वाशिष्ठीचं खोरं, जगबुडीचं खोरं, अमुक महाल, तमुक तर्फ. जमिनीचे प्रकार सांगायला शब्द होते. समुद्रालगतची सपाट पट्टी ती खलाटी, डोंगराकडची आतली ती वलाटी. खलाटीत नारळ-पोफळी, वलाटीत नाचणी-वरी. लग्नं जमवताना हे बघत. समुद्र आणि घाट ह्या दोन कडा. घाटावरचा तो घाटी, हे नाव आपण ठेवलं, आणि घाटावरच्यांनी आपल्याला 'कोकणे' म्हटलं. हिशेब बरोबरीत आहे. तुमच्या आजीचं म्हणूनच काही चुकलं नव्हतं.

मुंबईत गिरण्या आल्या, बोटी सुरू झाल्या, आणि दापोलीचा, राजापूरचा, मालवणचा माणूस एकाच चाळीत राहायला लागला. तिथे त्या सगळ्यांना मिळून एक नाव लागलं. मला वाटतं 'आम्ही कोकणातले' हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडात खऱ्या अर्थाने रुळलं ते परळ-लालबागेत.

कणकवलीचो

ह्या पटला. माझे आजोबा मुंबयत जायपर्यंत फक्त 'गावचे' होते.

सदाशिवगडकर

आमचा जिल्हा 1862 पासून 1956 पर्यंत मुंबई इलाख्यात होता, तेव्हा कारवारच्या माणसालाही मुंबईत कोकणातलाच धरत. राज्यं झाली आणि आम्ही 'कर्नाटकातले' झालो. भाषेचं नाव तेवढं राहिलं.

सुरगाण्याचा_मास्तर

उशिरा आलो, पण एक बाजू राहून गेली. तुम्ही सगळे समुद्रकाठचे. मी नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याचा, इथून समुद्र दिसत नाही. तरी माझ्या दाखल्यावर जमात आहे 'कोकणा'. सुरगाणा, पेठ, कळवण आणि पलीकडे गुजरातेत डांग, इथे आमची मोठी वस्ती. जुनी माणसं सांगतात, चौदाव्या शतकाअखेरच्या दुर्गादेवीच्या दुष्काळात आमचे पूर्वज खालून कोकणातून वर आले. तेव्हा इथे आधीपासून असलेल्यांनी आम्हाला हे नाव दिलं असणार. खाली राहत होतो तोवर आम्हाला कोकणा म्हणायचं कुणाला कारण नव्हतं.

टिंबाबद्दल सांगायचं तर आमच्यात ते कधीच नव्हतं. घोळ आहे तो स्वरांचा. एकाच घरातल्या भावांच्या दाखल्यांवर एकाचं 'कोकणा', दुसऱ्याचं 'कोकणी', आणि डांगात दिलेल्या बहिणीच्या मुलांचं 'कुकणा'. बोलीलाही तिकडे कुकणाच म्हणतात. अनुसूचित जमातींच्या यादीत ही तिन्ही रूपं एकाच नोंदीत आहेत, म्हणून कायद्याने अडचण नाही. पण खिडकीत बसलेल्या माणसाला ती नोंद माहीत नसली की पोरगा अख्खा दिवस उभा. त्यातून 'कोकणी' लिहिलेलं असलं की हमखास विचारतात, "तुम्ही रत्नागिरीकडचे ना? मग आदिवासी कसे?" म्हणून शाळेत नाव घालताना मी पालकांना यादीतली नोंद उघडून दाखवतो, भावाबहिणींचे जुने दाखले मागवतो, आणि घरातल्या सगळ्यांचं एकच रूप जनरल रजिस्टरला लावतो. आम्ही बहुतेक 'कोकणा' लावतो.

म्हसळ्याची_सून

मास्तर, म्हणजे तुमच्याकडे 'कोकणी' म्हटलं की रत्नागिरी, केपटाऊनला म्हटलं की म्हसळा, आणि गोव्यात म्हटलं की भाषा. रजिस्टरमधे 'कोकणा' ठेवता ते बरं करता.